समासातलं आलं

महिन्याच्या पहिल्या रविवारचा उपवास सुटायला अजून दोन तास होते, आणि तेवढ्यात देवानं फूटपट्टीबद्दल तीन वेगवेगळ्या माणसांना तीन वेगवेगळी उत्तरं देऊन ठेवली होती.

खरं तर असं व्हायला नको होतं. देव माणसाशी बोलतो यावर मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या मंडळीचा जितका पक्का विश्वास, तितकाच पक्का विश्वास यावरही की तो ज्याचं त्याच्याशीच बोलतो. ग्रंथ वाचा, मनात घोळवा, गुडघे टेकून विचारा; तुमच्या वाट्याचं उत्तर तुम्हाला, शेजाऱ्याचं शेजाऱ्याला. हा धडा दोनच आठवड्यांपूर्वी बिशपनं, म्हणजे मंडळीच्या बिनपगारी प्रमुखानं, स्वतः, फळ्यावर ज्याचा त्याचा चौकोन काढून, सगळ्या मंडळीला शिकवला होता. आज तोच बिशप, म्हणजे थोरलीचा भाऊ, म्हणजे फूटपट्टीचा बाप, पोरीच्या चौकोनात दोन्ही पाय घालून उभा होता.

"मी बाप आहे, आणि बिशपही आहे," तो म्हणाला. "दोन्ही चौकोन माझेच."

"मग मी कुठं उभी राहू?" फूटपट्टीनं विचारलं.

सगळे खाली थोरलीच्या पुस्तकं बांधायच्या बाइंडरीत बसले होते, कारण वरच्या जेवणाच्या टेबलाभोवती सहा माणसं मावत नसत आणि कटिंगच्या टेबलाभोवती सोळा मावली असती. टेबलाच्या एका टोकाला झाकलेली भांडी, दुसऱ्या टोकाला लॅपटॉप, आणि मधोमध, सुती कापडात गुंडाळलेला, तात्यांचा, म्हणजे या भावंडांच्या वारलेल्या वडिलांचा, ग्रंथ. लॅपटॉपवर अर्ज उघडा होता. मुलींसाठी असतं ते अठरा महिन्यांचं सेवाकार्य, मंडळी पाठवेल त्या गावी, दारोदार. नाव, पत्ता, दातांचा दाखला, सगळं भरून झालं होतं. बिशपनं मुलाखत घ्यायची आणि 'पाठवा' दाबायचं, एवढंच राहिलं होतं.

पण गुरुवारी फूटपट्टीला नदीच्या मोजणीवर हजर व्हायचं होतं. पोरगी भूमापक होती. सहा वर्षांची असताना ती घरातल्या प्रत्येक खुर्चीची उंची मोजून, खडूनं पायावर लिहून ठेवायची, तेव्हापासून हे नाव चिकटलं ते चिकटलंच. नदीचं काम दोन वर्षांचं, आणि असं काम पुन्हा मिळेल याची शाश्वती नव्हती. अर्ज की नदी, हे आजच ठरायचं होतं.

"मला पाण्याच्या टाकीवर उत्तर आलं," बिशप म्हणाला. पाणीपुरवठ्यातला माणूस तो. "झडप तपासत होतो. एकदम छाती भरून आली. तिनं जावं."

"टाकीवर चढलं की माझीही भरते," धाकटी म्हणाली. ही बिशपच्या पाठची बहीण, दातांची डॉक्टर, आणि घरातली एकमेव व्यक्ती जी समोरच्याचं तोंड उघडं असताना त्याला प्रश्न विचारायची. "मला मात्र काल रूट कॅनॉल करताना अगदी स्वच्छ जाणवलं. अर्ज नको, नदी नको. आधी लग्न. माझ्या क्लिनिकमधला तो एक्स-रेवाला..."

"धाकटी आत्या!"

"अगं, मी नाही म्हणत. मला जाणवलं."

"मला सातवीच्या वर्गात जाणवलं," थोरलीची भावजय, पोरीची आई, म्हणाली. ती गणित शिकवायची आणि आवाज न चढवता चाळीस मुलं गप्प करायची. "तिनं नदीवर जावं. मी फळ्याकडं पाठ केली आणि उत्तर समोर."

"तुझं उत्तर नेहमी पुस्तकाच्या शेवटी छापलेलं असतं," बिशप म्हणाला.

"निदान माझं बरोबर तरी असतं."

उपाशी पोटी प्रेम टिकतं, विनोद टिकत नाही.  कोपऱ्यातल्या खुर्चीतून थोरलीच्या आईनं मान वर केली. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आईनं चाळीस वर्षं याच खोलीत पुस्तकांची शिलाई केली होती. आता तिला ऐकू कमी यायचं, म्हणजे तिला जे ऐकायचं नसेल ते यायचं नाही.

"मी काय म्हणते," ती म्हणाली, "देवाकडं पोरीचा पत्ता नाही का? तिची पत्रं तुमच्या तिघांच्या घरी का टाकतोय तो?"

थोरलीला हसू आलं, पण तिनं ते दाबलं. बाइंडरी तिची, टेबल तिचं, आणि ग्रंथही तिच्याच ताब्यातला. म्हणून आज तिनं पंच व्हावं अशी सगळ्यांची अपेक्षा होती. पण तिचं सगळं लक्ष पोरीच्या हातांकडं होतं. सकाळी देवाचे अनुभव सांगायच्या साक्ष-सभेला जायच्या आधी फूटपट्टी खाली आली होती. थोरली सरस ढवळत होती.

"आत्या, सहा महिने झाले," ती म्हणाली होती. "रोज वाचते, रोज विचारते. काही येत नाही. जा नाही, थांब नाही. नुसती शांतता. माझ्यातच काही कमी आहे का गं?"

"तुझ्यात?"

"या घरात सगळ्यांना आलंय. तात्यांना आलं, बाबांना आलं, आईला आलं. धाकट्या आत्यालासुद्धा आलं, आणि ती प्रार्थनेत झोपते."

थोरलीनं तेव्हा काही सांगितलं नाही. सरस करपेल म्हणून, असं तिनं स्वतःला पटवलं.

'आलं' हा या घरातला सगळ्यात मोठा शब्द होता. तात्यांनी तो ग्रंथाच्या शेवटाकडच्या एका पानावर, खालच्या समासात, पेन्सिलीनं लिहिला होता, अगदी त्याच वचनाखाली जिथं खऱ्या मनानं विचारणाऱ्याला उत्तर मिळेल असं आश्वासन आहे. एकच शब्द. आलं. आणि त्याच्या खाली, पानाच्या अगदी काठाला, रेघ. रेघ जरा तुटक होती, तिच्यावर तीन-चार वळणं होती आणि एक टिंब होतं. उत्तर आलं तेव्हा हात थरथरला असणार, असं भावजय मंडळीत नव्यानं येणाऱ्यांना सांगायची. बिशपनं तर त्या रेघेवर एकदा अख्खं प्रवचन केलं होतं.

तात्या गेले तेव्हा बिशप सतरा वर्षांचा होता, आणि आपण सेवाकार्याला जाणार नाही असं त्यानं जाहीर करून टाकलं होतं. दफनाच्या दुसऱ्या दिवशी त्यानं ग्रंथ उघडला, तो शब्द पाहिला, आणि वय भरल्या दिवशी तो निघाला. दोन वर्षांनी परतला तो वेगळाच माणूस होऊन. तिकडंच भावजय भेटली. तेव्हापासून रिवाज पडला: ज्याला उत्तर मिळेल त्यानं सगळ्यांसमोर "आलं" म्हणायचं, आणि तात्यांच्या शब्दाशेजारी तारीख घालून तोच शब्द लिहायचा. तीन नोंदी झाल्या होत्या. थोरलीची नव्हती. बाइंडरनं पुस्तकावर लिहू नये, असं ती म्हणायची, आणि घरच्यांना तो तिचा विनय वाटायचा.

"मला काहीतरी सांगायचंय," फूटपट्टी म्हणाली.

तिघांची उत्तरं गप्प झाली.

"मला आलंय."

बिशपच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते बघून कुणालाही वाटावं की आता टाकीची झडप उघडली. "केव्हा?"

"आज. सभेत." पोरीनं कापड सोडलं, पान काढलं. तिला शोधावं लागलं नाही. ग्रंथ आपोआपच तिथं उघडायचा. "मी जाते, बाबा. दाबा बटण."

"मी म्हटलं नव्हतं?" बिशप भावजयीला म्हणाला. "टाकीवर म्हटलं नव्हतं?"

 भावजय लेकीकडं बघत होती, तोंडपाठ केलेलं उत्तर सांगणाऱ्या मुलाकडं बघतात तशी.

फूटपट्टीनं खिशातून पेन्सिल काढली. कामावरची, टोक काढलेली. थोरलीला आठवलं, पहिल्या पगाराच्या दिवशी हीच पेन्सिल नाचवत पोरगी सांगत होती: आत्या, आमच्यात एकच पाप. न घेतलेलं माप वहीत लिहायचं नाही. चुकलेलं चालतं, खोडता येतं. न घेतलेलं लिहिलं की पुढं सगळी नदी वाकडी.

पेन्सिल समासावर टेकली. 

"लिहू नकोस," कुणीतरी म्हणालं.

सगळे थोरलीकडं बघत होते, तेव्हा तिला कळलं की ते आपण बोललो. आवाज तिचाच होता. बोलायचं मात्र तिनं ठरवलं नव्हतं. तेहतीस वर्षं न बोलायचं ठरवून ठेवलं होतं, आणि ते ठरवणं चांगलं मजबूत, पानं दोऱ्यानं शिवून जुजबंदी केल्यासारखं होतं.

"ताई?" बिशप म्हणाला.

थोरली उठली. सुया ठेवायचा चपटा पत्र्याचा डबा तिनं खणातून काढला. सुयांच्या खाली मेणकागद, मेणकागदात कागदाचं एक कात्रण. करंगळीच्या नखाएवढं रुंद, पानाएवढं लांब. तिनं ते चिमट्यानं उचललं आणि समासाच्या काठाला, त्या प्रसिद्ध रेघेच्या खाली, टेकवून धरलं.

"वाचा," ती म्हणाली.

कात्रणावर अक्षरं होती, पण डोकी उडवलेली. वरची रेघ नसलेली, नुसत्या धडांची. ती पानाला टेकली, आणि तात्यांची रेघ त्यांची शिरोरेघ झाली. वळणं वेलांट्या-मात्रा झाल्या. टिंब अनुस्वार झालं.

भावजयीनं वर्गात वाचतात तसं मोठ्यानं वाचलं. "आलं. लिंबू, मध, सरस दोन किलो."

धाकटीनं वाकून तेच पुन्हा मनात वाचलं.

"तात्या हॉस्पिटलात होते," थोरली म्हणाली. "घरी येतील तेव्हा त्यांना ग्रंथ नवा करून दाखवायचा होता. एकोणीस वर्षांची होते. पाठ बदलली, शिलाई आईची होतीच. मग कड साफ यावी म्हणून खालून अर्धा सेंटिमीटर जास्त कापलं. मशीनखालची कात्रणं झाडताना एकावर पेन्सिलीची अक्षरं दिसली. पंधरा दिवसांनी तात्या गेले. आणि दुसऱ्या दिवशी तू ते पान उघडून..." ती बिशपकडं बघत होती. "तू रडायचा थांबलास. मी कसं सांगणार होते?"

धाकटीच्या तोंडातून एक आवाज निघाला. आधी रडणं वाटलं, मग ते हसणं निघालं, मग दोन्ही. "ताई, म्हणजे मी दातांच्या कॉलेजला... आल्यावर गेले?"

"मी दोन वर्षं गेलो," बिशप म्हणाला. त्याचा आवाज अगदी सपाट होता. "परक्या गावात. आल्यावर." त्यानं कात्रणाकडं पाहिलं. "आणि लिंबावर."

"चहासाठी आणायचं असेल," धाकटी डोळे पुसत म्हणाली.

"आपल्या मंडळीत चहा चालतोच कुठं?" भावजय म्हणाली, आणि मग तिलाही आवरेना.

"हसू नका!" बिशपनं टेबलावर हात आपटला. भांड्यांची झाकणं वाजली. "मी त्या रेघेवर प्रवचन केलंय! लोकांनी वहीत उतरवून घेतलंय! तेहतीस वर्षं, ताई. माझं लग्न, माझं पद, ही पोरगी, सगळं एका वाण्याच्या यादीवर उभं आहे, आणि तू ते सुयांच्या डब्यात ठेवलंस?"

 आयुष्यात पहिल्यांदाच थोरलीला वाटलं की आपण पुस्तक नाही, माणूस कापला.

"चहासाठी नाही," कोपऱ्यातून आई म्हणाली. "खोकल्यासाठी."

सगळे वळले.

"इथल्या धुळीनं धरलेला खोकला. मीच सांगितलं होतं, येताना आलं आणा, लिंबू आणा, मध आणा. सरस त्यांच्या मनानं लिहिला." आईनं चष्मा काढून पदराला पुसला. "दफनानंतर तू पान दाखवलंस तेव्हाच ओळखलं मी. लिंबू कुठं गेलं, एवढंच कळलं नव्हतं. ते आज कळलं."

"आई, तुला ठाऊक होतं?" थोरली म्हणाली.

"तुला ठाऊक होतं?" आई म्हणाली.

एका घरात, एका ताटाच्या अंतरावर, दोघींनी तेहतीस वर्षं एकच गुपित एकमेकींपासून लपवलं होतं. असा चोख कारभार फक्त घरच्या माणसांनाच जमतो.

"पण आजी," फूटपट्टी पुढं सरकली. पेन्सिल अजून हातातच होती. "तात्यांनी यादी ग्रंथात का लिहिली? इथं एवढा कागद पडलेला असायचा. कात्रणांचे ढीग."

"कारण तेच पान उघडं असायचं."

"म्हणजे?"

"रोज पहाटे, मशीन चालू करायच्या आधी, याच टेबलाशी उभे राहून. तेच वचन वाचायचे आणि विचारायचे. बावीस वर्षं. मी विचारायची, आलं का हो उत्तर? म्हणायचे, विचारणं चालू आहे." आईनं चष्मा चढवला. "यादी सांगायला मी मधेच आले, हातात पेन्सिल होती, समोर पान होतं. लिहिली तिथंच. त्यात काय."

"म्हणजे तात्यांना कधीच आलं नाही?" बिशपनं हळू विचारलं.

"ते त्यांचं आणि देवाचं. मला एवढंच ठाऊक, की एकही पहाट चुकली नाही. ताप असताना नाही, तू जन्मलास त्या दिवशी नाही." आईची मान ताठ झाली. थोरलीनं तिला एवढं ताठ बसलेलं कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. "उत्तर आल्यावर कुणीही विश्वास ठेवील. माझ्या नवऱ्यानं बावीस वर्षं न येता ठेवला. हे तुम्ही प्रवचनात सांगा की. त्याला रेघ लागत नाही."

 बिशप ग्रंथाच्या पानाकडं बघत राहिला. ग्रंथ तिथं आपोआप का उघडायचा, हे थोरलीला बाइंडर असून आज कळत होतं. ज्या पानावर हात सगळ्यात जास्त वेळा पडतो, तिथं पाठ मोडते. शिलाई नवी केली तरी कागद विसरत नाही.

"बाबा," फूटपट्टी म्हणाली, "तुम्ही तिकडं होता ना, दोन वर्षं. तिथं तुम्हाला आलं होतं का? यादी सोडून. तुमचं तुम्हाला."

बिशपनं खुर्ची ओढली आणि बसला. बराच वेळ तो अंगठ्यानं टेबलावरच्या सुरीच्या जुन्या खुणा चाचपत होता.

"अकराव्या महिन्यात," तो म्हणाला. "एका इमारतीत चौथ्या मजल्यावर कुणीतरी आमच्या तोंडावर दार आपटलं. सेवाकार्यातला जोडीदार पुढं गेला. मी जिन्यात बसलो आणि ठरवलं, उद्या घरी. आणि मग..." तो थांबला. "शब्द नव्हते. पण मला कुणीतरी ओळखतं, एवढं कळलं. नावानिशी. मी पाचव्या मजल्यावर गेलो."

"हे तू कधी सांगितलं नाहीस," भावजय म्हणाली. "लग्नाला सत्तावीस वर्षं झाली."

"पानावरचं सांगणं सोपं होतं."

"पाचव्या मजल्यावर मी राहायचे," भावजय म्हणाली.

"माहितेय."

धाकटीनं नाक शिंकरलं. तिला हे असं एकदम व्हायचं.

बिशपनं लॅपटॉप स्वतःकडं ओढला, सदऱ्याची कॉलर नीट केली आणि घसा साफ केला. मुलाखत घेताना तो असं करायचा, समोर पोटची पोर असली तरी.

"बसा, भगिनी," तो म्हणाला.

"बाबा!"

"मुलाखत आहे. बसा." फूटपट्टी समोर बसली. "सेवाकार्याला जावं की नाही, याबद्दल तुम्हाला देवाकडून उत्तर मिळालंय का?"

पोरीनं पेन्सिल टेबलावर ठेवली. "नाही."

"मघाशी आलं म्हणालात."

"खोटं बोलले. न घेतलेलं माप लिहीत होते."

"मग आता काय करणार?"

"विचारत राहीन. गुरुवारी नदीवर हजर होईन, रोज सकाळी मोजणीची लेव्हल लावायच्या आधी वाचीन, आणि विचारीन. आलं तर अर्ज करीन. नाही आलं तरी..." तिनं आजीकडं पाहिलं. "विचारणं चालू राहील."

थोरलीनं आजवर सोनेरी कडांची पुस्तकं बांधली होती, बक्षिसांची, पदव्यांची. पण छाती अशी फुगली नव्हती. ही पोर तात्यांना कधी भेटली नव्हती, आणि त्यांच्याच जागी, त्यांच्याच टेबलाशी, त्यांच्यासारखीच ताठ बसली होती.

बिशपनं अर्जाकडं पाहिलं. त्याचा हात जरा वेळ बटणाच्या आसपास घोटाळला. मग त्यानं लॅपटॉप मिटला.

"एवढी चांगली मुलाखत मी अजून घेतली नाही," तो म्हणाला, आणि नेमका तेव्हाच त्याचा घसा बसला.

"आलं आणायचं का?" धाकटी म्हणाली.

या वेळी बिशपही हसला.

थोरलीनं ब्रश घेतला, पातळ लापशीसारखा सरस आणि पारदर्शक कागदाची एक चिंधी. कात्रण तिनं आपल्या जागी बसवलं, पाठीमागून चिंधी लावली, वर हाताची टाच टेकली आणि वजन दिलं. यादी पुरी झाली. कडेला कागद जरा पुढं आला. तिनं तो कापला नाही.

खाली जी जागा उरली तिथं फूटपट्टीनं तारीख घातली आणि लिहिलं: 'विचारलं.' अक्षर मोजवहीतलं, सरळ. मग तिनं पेन्सिल थोरलीपुढं धरली.

"बाइंडरनं पुस्तकावर..."

"कापू नये," आई म्हणाली. "लिहायला काय होतंय?"

थोरलीनं पेन्सिल घेतली. मघाचा तो आवाज तिला पुन्हा आठवला, 'लिहू नकोस' म्हणणारा. तिचा, आणि तिनं न ठरवलेला. तेहतीस वर्षं तिनं या पानावर कधी काही विचारलं नव्हतं, लाजेनं. आणि तरी तो आवाज आला होता. ती वाकली, अगदी बारीक अक्षरात एकच शब्द लिहिला आणि बाजूला झाली.

धाकटीनं मान वाकडी करून वाचलं. "आलं? ताई, हे कुठलं आलं? उत्तर, की वाण्याकडचं?"

थोरली ब्रश धूत राहिली. 

"खाली रेघ आहे का?" आईनं विचारलं.

धाकटीनं पुन्हा पाहिलं. "नाही."

"मग खरं असेल," आई म्हणाली. "चला, प्रार्थना म्हणा आणि वाढा. भूक लागलीय."